काजव्यांच्या झाडाखाली

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. पत्रांचा मजकूर थोडा संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : आदरणीय उत्तरदात्यांना प्रभूमध्ये सलाम. गेल्या मे महिन्याच्या अखेरीस आम्ही शाळेतील काही सहकारी भंडारदऱ्याला काजवे पाहायला गेलो होतो. रात्री ओढ्याकाठच्या एका झाडावर हजारो काजवे लुकलुकू लागले. झाड क्षणभर उजळायचे आणि पुन्हा काळोखात बुडायचे. माझे हात नकळत जोडले गेले. खरे सांगायचे तर दर रविवारी उपासनेला बसूनही देव इतका जवळ मला क्वचितच वाटला आहे. आमच्या पाळकसाहेबांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "देव पवित्र शास्त्रात भेटतो, झाडावर नाही." घरी बी.एस्सी.ला असलेल्या मुलाला सांगितले तर तो हसून म्हणाला, "आई, ते नर माद्यांना बोलावत असतात. त्यात देव कुठे आला?" मी अनुभवले ते खरे होते की नुसती भावना होती?
ता. क. पुढच्या वर्षी संडेस्कूलच्या मुलांना तेथे न्यावे असे मनात आहे. काही सूचना असल्यास कळवाव्यात.
— एक शिक्षिका, संगमनेर

उत्तर : प्रिय भगिनी, सलाम. आपण हात जोडलेत ते योग्यच केलेत, आणि ते मागे घेण्याचे काही कारण मला दिसत नाही. पाळकसाहेब आणि आपले चिरंजीव या दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. अडचण एवढीच की दोघेही आपापल्या तथ्याच्या एक पाऊल पुढे जाऊन बोलले आहेत.

पाळकसाहेबांपासून सुरुवात करतो. देव शास्त्रातच भेटतो असे म्हणणाऱ्याची पहिली अडचण शास्त्रच करते, कारण ते उघडून बसलेल्या माणसाला ते वारंवार घराबाहेर पाठवते. "आकाश देवाचा महिमा वर्णिते, अंतरिक्ष त्याची हस्तकृती दर्शविते," हे एकोणिसाव्या स्तोत्राचे पहिले वचन आपल्याला पाठ असेल. त्या स्तोत्राची घडण मात्र सावकाश पाहण्यासारखी आहे. पहिल्या सहा वचनांत आकाश, दिवस, रात्र आणि दालनातून बाहेर पडणाऱ्या नवऱ्या मुलासारखा सूर्य आहे. तेथे साक्ष आहे, पण वाचा नाही आणि शब्द नाही. सातव्या वचनापासून एकाएकी नियमशास्त्राची स्तुती सुरू होते. मूळ हिब्रूत पहिल्या भागात 'एल' हा देवासाठीचा सामान्य शब्द एकदाच येतो, तर दुसऱ्या भागात इस्राएलाशी करार करणाऱ्या देवाचे स्वतःचे नाव सात वेळा येते, आणि आपल्या मराठी भाषांतरातही 'देव' व 'परमेश्वर' या दोन शब्दांनी हा भेद राखलेला आहे. ही मुळात दोन वेगळी गीते असावीत असे काही अभ्यासक मानतात. तसे असले तरी ज्याने ती जोडली त्याचे म्हणणे लपत नाही: आकाश देवाविषयी बोलते, पण त्याचे नाव सांगत नाही.

प्रेषित पौलाचे विवेचनही याच हद्दीत राहते. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात, सृष्टीच्या उत्पत्तीपासून निर्मिलेल्या पदार्थांवरून देवाच्या अदृश्य गोष्टी स्पष्ट दिसतात असे तो म्हणतो, आणि त्या गोष्टी कोणत्या हे सांगताना मोजून दोनच नावे घेतो: देवाचे सनातन सामर्थ्य आणि त्याचे देवपण. क्षमा त्या यादीत नाही, वधस्तंभ नाही, पुनरुत्थानही नाही. ओढ्याकाठच्या त्या झाडाने आपल्याला जे सांगितले ते या दोन शब्दांत मावते, आणि मावते म्हणूनच ते खरे आहे. आपल्या पापांची क्षमा झाली आहे हे मात्र ते झाड आपल्याला सांगू शकले नसते, मग तेथे लाखो काजवे असते तरी.

पौल प्रत्यक्षात हा पुरावा कसा वापरतो हेही पाहा. लुस्त्र गावात लोक त्याला आणि त्याचा सोबती बर्णबा याला देव समजून बैल आणि हार घेऊन आले. त्या श्रोत्यांना संदेष्ट्यांचे ग्रंथ ठाऊक नव्हते, म्हणून तो त्यांच्याशी पावसाविषयी, पिकाच्या ऋतूंविषयी आणि पोटभर जेवणाने होणाऱ्या आनंदाविषयी बोलला. देवाने स्वतःला साक्षीविरहित ठेवले नाही, ही त्याची भूमिका. पुढे अथेनैत, म्हणजे अथेन्स शहरात, अरीयपग टेकडीवर बोलताना त्याने ग्रीक कवीची एक ओळ उद्धृत केली, "आपण त्याचा वंश आहोत" अशा अर्थाची. ती ओळ आराटस या कवीच्या काव्यात आहे. आराटस पौलासारखाच किलिकिया प्रांताचा, त्याच्या सुमारे ३०० वर्षे आधीचा, आणि त्याचे ते काव्य तारे आणि हवामानाच्या खुणा यांविषयी आहे. म्हणजे प्रेषिताने एका मूर्तिपूजक कवीचे आकाशदर्शन पुराव्यात घेतले, ते नाकारले नाही. तेथे थांबला मात्र नाही. त्याच भाषणाचा शेवट मेलेल्यांतून उठवलेल्या मनुष्यापाशी होतो, आणि श्रोत्यांपैकी काही जण त्याची थट्टा करू लागले ते याच शेवटावर.

असे असताना पाळकसाहेब घाबरले का? त्यांच्या भीतीला मोठा इतिहास आहे. १९३४ साली एमिल ब्रुनर या स्विस धर्मशास्त्रज्ञाने निसर्ग आणि कृपा यांविषयी एक पुस्तिका लिहून निसर्गातील प्रगटीकरणाला मर्यादित जागा दिली, तेव्हा त्याचाच मित्र कार्ल बार्थ याने दिलेल्या उत्तराचे शीर्षक एकाच शब्दाचे होते: "नाही!" आज ते वाचताना बार्थ फारच तुसडा वाटतो. पण त्याच वर्षी जर्मनीत 'जर्मन ख्रिस्ती' म्हणवणारा एक गट, देव आपल्या रक्तातून, आपल्या भूमीतून आणि आपल्या राष्ट्राच्या नव्या नेत्यातून प्रगट होतो आहे असे चर्चमधून सांगत होता. निसर्गाच्या दाराने आत आलेला देव उद्या कोणाचा झेंडा खांद्यावर घेऊन येईल याची त्या काळी शाश्वती नव्हती. बार्थने दार कायमचे लावून घेतले हे मला पटत नाही, पण दारावर कोणीतरी उभे असावे हे पटते.

माझ्या मते याबाबतीत सोळाव्या शतकातील धर्मसुधारक कॅल्व्हिन याचा दृष्टांत सर्वांत उपयोगी आहे. म्हाताऱ्या, अधू नजरेच्या माणसासमोर सुंदर ग्रंथ ठेवला तर काहीतरी लिहिलेले आहे एवढे त्याला कळते, पण सलग दोन शब्दही लागत नाहीत. चष्मा लावला की तोच ग्रंथ स्पष्ट वाचता येतो. शास्त्र हा तो चष्मा आहे, असे तो म्हणतो. या दृष्टांतात अनेकांच्या नजरेतून निसटणारी एक गोष्ट आहे: चष्मा पाहायचा नसतो, त्यातून पाहायचे असते. १५६१ च्या बेल्जिक विश्वासांगीकारात, म्हणजे प्रोटेस्टंट श्रद्धेच्या लेखी जाहीरनाम्यातही, सृष्टीला सुंदर ग्रंथ आणि लहानमोठ्या प्राण्यांना त्यातील अक्षरे म्हटले आहे. तो लिहिणाऱ्या गी द ब्रेला पुढे १५६७ साली विश्वासासाठी फाशी देण्यात आली; तेव्हा ही काही निवांत बसून केलेली कविकल्पना नव्हे. आपल्या पाळकसाहेबांना त्या रात्री आपल्याबरोबर न्यायला हवे होते, आणि पुढच्या रविवारी आपणही त्यांच्याबरोबर उपासनेला जायला हवे. या दोन्ही गोष्टी मी गंभीरपणे लिहीत आहे.

आता चिरंजीवांकडे वळतो. त्यांचे विधान शंभर टक्के बरोबर आहे. काजव्याच्या पोटाच्या टोकाशी असलेल्या पेशींत ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो, एक विकर (एन्झाइम) तो घडवून आणतो, आणि जवळजवळ उष्णता न देणारा थंड प्रकाश बाहेर पडतो; त्या लुकलुकण्याच्या लयीवरून नर आणि मादी एकमेकांना ओळखतात. परंतु 'त्यात देव कुठे आला' हा पुढचा प्रश्न रसायनशास्त्राचा नाही. एकशे चौथे स्तोत्र लिहिणाऱ्याला सिंह स्वतः शिकार करतो हे ठाऊक नव्हते असे कोणी म्हणणार नाही; तरीही तरुण सिंह गर्जना करून देवाजवळ आपले अन्न मागतात असे तो लिहितो. शिकार आणि देणगी या त्याच्या लेखी एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत. कारण सापडले की कर्ता रद्द होतो, हा समज पवित्र शास्त्रात नाही. तो नंतरच्या काळात, काही अंशी ख्रिस्ती लोकांच्याच हातून रुजला.

विल्यम पेले या इंग्रज धर्मोपदेशकाने १८०२ साली माळरानावर सापडलेल्या घड्याळाचा दाखला दिला: घड्याळ आहे म्हणजे घड्याळजी असलाच पाहिजे. युक्तिवाद इतका आकर्षक होता की केंब्रिजमध्ये शिकणारा तरुण डार्विनही त्यावर लुब्ध होता. पण ज्या ज्या रचनेचा उलगडा होत नाही तेथे देवाला बसवले, की उलगडा होईल तसतसे देवाला उठवावे लागते. १८६० साली आसा ग्रे या ख्रिस्ती वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात डार्विनने आणखी एक जखम दाखवली: जिवंत सुरवंटांच्या शरीरात राहून त्यांनाच खाणाऱ्या गांधीलमाशीच्या अळ्या परोपकारी देवाने मुद्दाम निर्माण केल्या असे आपल्याला मानवत नाही, असे त्याने लिहिले. चिरंजीवांनी हा मुद्दा काढला नाही, पण काढला असता तर काजव्यांनीच त्याला दुजोरा दिला असता. अमेरिकेत फोट्युरिस या प्रजातीच्या माद्या दुसऱ्या प्रजातीच्या मादीचा इशारा हुबेहूब वठवतात, फसून जवळ आलेल्या नराला पकडतात आणि खातात. ज्या प्रकाशाने आपले हात जोडले गेले, तोच तेथे सापळा आहे.

याचे सोपे उत्तर माझ्यापाशी नाही, आणि सोपे उत्तर देणाऱ्या प्रवचनांचा मला कंटाळा आहे. मात्र बायबलमधील ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायांत देव आपल्या सृष्टीचे वर्णन करतो तेव्हा तोही सौम्य दृश्ये निवडत नाही, याकडे लक्ष वेधतो. गरुडाची पिले रक्त पितात, शहामृगीण आपली अंडी धुळीत टाकून जाते, रानगाढव माणसाच्या कोणत्याच कामाचे नसते. यांपैकी काहीही देव लपवत नाही आणि यांपैकी कशावरही माणसाचे मत विचारत नाही. निसर्गात देव पाहायचा तर देवाने दाखवलेला निसर्ग पाहावा लागतो, दिनदर्शिकेवरचा नाही.

प्रभू येशूने रानातील भूकमळांविषयी जो शब्द वापरला, त्याचा मूळ ग्रीक अर्थ 'नीट अभ्यास करून शिका' असा आहे. त्या आज्ञेचा पहिला अर्धा भाग आपले चिरंजीव महाविद्यालयात पाळत आहेत. काजव्यांविषयी त्यांना ठाऊक आहे ते सारे आपण त्यांच्याकडून समजून घ्यावे, असे मी सुचवीन; आपली ती रात्र त्याने कमी होणार नाही.

प्रश्न : मी औसा तालुक्यातील. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात माझी आई आणि दोन भावंडे घराखाली गेली. आपल्या मासिकात निसर्गातून देवाचे वैभव दिसते असे लेख नेहमी येतात. त्या पहाटे निसर्गातून कोणता देव दिसला, एवढेच मला विचारायचे आहे.
— एक वाचक, जिल्हा लातूर

उत्तर : प्रिय बंधू, आपल्या प्रश्नाला उत्तर म्हणून नव्हे, तर त्याच्याजवळ बसता यावे म्हणून लिहितो.

गणेशविसर्जनाच्या रात्री उशिरा झोपलेली ती गावे पहाटे चारच्या सुमारास उठलीच नाहीत. दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर आहे अशी तोवर तज्ज्ञांचीही समजूत होती. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद, ही उन्हाळ्यात गारवा देणारी रचनाच त्या पहाटे जीव घेणारी ठरली. या कारणांनी आपल्या प्रश्नाची धार कमी होत नाही, हे मला कळते.

पण ज्यांनी 'हा देवाचा कोप' म्हटले असेल, त्यांच्यापासून तरी आपल्याला मोकळे करणे माझे काम आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले तो सर्व संतांचा सण होता आणि माणसे चर्चमध्ये प्रार्थनेला जमलेली होती. तरीही ही शिक्षाच आहे असे छातीठोकपणे सांगणारे उपदेशक निघाले. प्रभू येशूला असाच प्रश्न आला होता. शिलोहातील बुरूज पडून अठरा माणसे मेली, ती यरुशलेमेतल्या इतरांहून अधिक अपराधी होती काय असे विचारून त्याने स्वतःच "नाही" म्हटले. त्याने बुरूज का पडला हेही सांगितले नाही. मी सांगू लागलो तर ते त्याच्याहून शहाणे होण्यासारखे होईल.

राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया संदेष्टा होरेब डोंगरावर उभा आहे. खडक फोडणारा वारा येतो, मग भूमिकंप, मग अग्नी, आणि प्रत्येकाविषयी एकच वाक्य येते: परमेश्वर त्यात नव्हता. डोंगर हलताना पाहून देव दिसला असे म्हणायला ते वचन आपल्याला भाग पाडत नाही. उलट तसे म्हणण्यापासून अडवते. पौलही सृष्टीला केवळ वैभवशाली म्हणून थांबत नाही; रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात ती प्रसूतिवेदनांनी कण्हत आहे असे तो लिहितो. आमच्या मासिकातील लेखांत पहिला अध्याय वारंवार येतो आणि आठवा क्वचित येतो, ही आपली तक्रार रास्त आहे आणि ती मी संपादकांपर्यंत पोहोचवली आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने प्राण सोडला तेव्हा भूमी कापली आणि खडक फुटले असे लिहिले आहे. त्या भूकंपाच्या वेळी देवाचा पुत्र सुरक्षित जागी उभा राहून पाहत नव्हता. आपली आई आणि भावंडे जेथे गेली, तेथे तोही गेला. यापलीकडे माझ्याकडे शब्द नाहीत.

प्रश्न : माझे सासर हिंदू आहे. वटपौर्णिमेला जाऊबाई वडाला फेऱ्या घालतात, तेव्हा मी बाजूला उभी असते. त्यांनी विचारले, "तुम्हीही झाडाझुडपांत देव बघता ना, मग अडचण कसली?" काय सांगावे?
— एक वाचिका, ठाणे

उत्तर : जाऊबाईंनी प्रेमाने विचारले आहे, तेव्हा उत्तरही वाद घालण्यासाठी देऊ नये. आपण झाडात देव पाहत नाही, झाड पाहून देवाचे स्मरण करतो, एवढा फरक सांगितला तरी पुरेल. हा फरक बायबलला महत्त्वाचा वाटतो तो झाड तुच्छ आहे म्हणून नव्हे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव एकेक वस्तू निर्माण करून ती चांगली आहे असे पाहतो. पण सूर्य आणि चंद्र यांना तेथे नावेही दिलेली नाहीत, मोठी ज्योती आणि लहान ज्योती एवढेच म्हटले आहे, कारण शेजारच्या राष्ट्रांत ती देवांची नावे होती. ईयोब तर शपथेवर सांगतो की झळकता चंद्र पाहून आपले मन गुप्तपणे मोहित झाले नाही आणि आपण त्याला हाताचे चुंबन पाठवले नाही. मोह होऊ शकतो, इतके ते सुंदर आहे, याची ही कबुलीच आहे.

असिसीच्या फ्रान्सिसने सूर्याला भाऊ आणि चंद्राला बहीण म्हटले, पाण्याला आणि अग्नीलाही नात्यात घेतले. सुमारे १२२५ साली हे स्तुतिगीत रचले तेव्हा डोळ्यांच्या दुखण्याने तो जवळजवळ आंधळा झाला होता आणि त्याला उजेड सोसवत नव्हता. भाऊ म्हटले की तो आपल्याबरोबरचा झाला; पित्याच्या जागी तो येत नाही. मराठी माणसाला वृक्षवेलींना सोयरे म्हणणारे तुकोबा आठवावेत, आणि आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगणारे रेव्हरंड ना. वा. टिळक आठवावेत. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावरही टिळक फुलामुलांचे कवीच राहिले; फुलाकडे पाहणे त्यांना सोडावे लागले नाही. जाऊबाईंशी बोलताना सोयरीक हा शब्द कामाला येईल असे मला वाटते. फेऱ्या घालू नका, पण वडाला पाणी घालण्याची वेळ आली तर अवश्य घाला.

ताज्या कलमाविषयी : संगमनेरच्या भगिनींनी मुलांना नेण्याविषयी विचारले होते. मे महिन्याचे शेवटचे आणि जूनचे पहिले दिवस, जोरदार पाऊस लागण्यापूर्वीचे, हा काळ बरा. स्थानिक गावकरी वाटाड्या बरोबर घ्यावा. गाडीचे दिवे, मोबाईलचे फ्लॅश आणि प्रखर विजेऱ्या यांनी काजव्यांचे एकमेकांना दिलेले इशारे पुसले जातात आणि त्यांचे मीलन अडते, म्हणून गाडी दूर उभी करून पायी जावे. विजेरी लागलीच तर काचेवर लाल कागद बांधून जमिनीकडे धरावी. माद्या बहुधा गवतात किंवा खालच्या पानांवर असतात आणि अळ्या ओल्या मातीत वाढतात, तेव्हा मुलांना पायवाट सोडू देऊ नये आणि बाटलीत काजवे भरू देऊ नयेत. लाऊडस्पीकर, गिटार आणि गीतांची पुस्तके घरी ठेवावीत. एकशे चौथे स्तोत्र मुलांकडून आधीच्या रविवारी वाचून घ्यावे, विशेषतः रात्र होते आणि रानातले सर्व प्राणी बाहेर पडतात तो भाग. झाडाखाली काही वाचू नये, निदान अर्धा तास कोणी काही बोलू नये. परतीच्या वाटेवर मुले प्रश्न विचारतील. चिरंजीवांना बरोबर नेले असेल तर पहिली दोन-तीन उत्तरे त्यांनाच देऊ द्यावीत.